शांततेचे भांडवल

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसलेले कुंभकोणम हे गाव महाराष्ट्रातील यात्रेकरूंना माहीत असते ते तेथील कुंभेश्वराच्या देवळामुळे आणि बारा वर्षांनी एकदा भरणाऱ्या महामाघ पर्वणीमुळे. परंतु मराठी माणसाने हे गाव आणखी एका कारणासाठी ध्यानात ठेवावयास हवे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावरास भोसल्यांची गादी स्थापन केली. त्या गादीच्या आश्रयाने देशस्थ ब्राह्मणांची अनेक घराणी कावेरीच्या खोऱ्यात रुजली. घरात मराठी, बाजारात तमिळ, आणि इंग्रजांचा अंमल आल्यानंतर कचेरीत इंग्रजी, असा त्यांचा त्रिभाषी संसार होता. हिशेब आणि दप्तर हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. राज्य गेले, तरी लेखणी हातून सुटली नाही. एकोणिसाव्या शतकात दक्षिणेतील आणि पुढे मध्य हिंदुस्थान व गुजरातेतील संस्थानांना जे नामांकित दिवाण लाभले, त्यांतील काहींची जन्मभूमी हे कुंभकोणमच होय. त्यांपैकी माधवराव याच नावाच्या दोन दिवाणांच्या कारभारात एका फार जुन्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. अशांत मुलखात पैसा कोठे आणि कसा गुंतविला असता तेथे शांतता नांदू लागते, हा तो प्रश्न.

हा प्रश्न आज पुन्हा जगापुढे आला आहे. २००५ साली संयुक्त राष्ट्रसंघाने शांतता उभारणीसाठी एक स्वतंत्र आयोग नेमला. २००७ साली इटलीतील बेलाजिओ येथे रॉकफेलर प्रतिष्ठानाने भरविलेल्या बैठकीत एका नव्या विचाराला नाव मिळाले. भांडवल गुंतविताना केवळ नफ्याकडे न पाहता समाजावर होणाऱ्या परिणामाचाही हिशेब ठेवावा, हा तो विचार. हे दोन विचार पुढे एकमेकांजवळ आले. दंगली आणि यादवी यांनी पोळलेल्या प्रदेशात दानधर्मापेक्षा डोळस गुंतवणूक अधिक टिकाऊ शांतता निर्माण करील काय, याची चर्चा आज अर्थशास्त्रज्ञ आणि मुत्सद्दी करीत असतात. नाव नवे असले, तरी मूळ गोष्ट तितकी नवी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४८ ते १९५२ या काळात अमेरिकेने मार्शल योजनेखाली पश्चिम युरोपात सुमारे तेरा अब्ज डॉलर ओतले. १९५१ साली फ्रान्स आणि जर्मनी या हाडवैऱ्यांनी शेजाऱ्यांसह आपला कोळसा व पोलाद एका सामाईक व्यवस्थेखाली आणले. युद्धाची सामग्रीच भागीदारीत बांधून टाकावी, हा त्यामागचा हेतू होता. आणि या घटनांच्याही जवळजवळ शंभर वर्षे आधी, हिंदुस्थानच्या दक्षिण टोकाला, कुंभकोणमचा एक तरुण दिवाण तिजोरी आणि शांतता यांची अशीच सांगड घालण्याच्या खटपटीत होता.

तंजावर माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणम येथे झाला. वडील रंगराव आणि चुलते व्यंकटराव हे दोघेही त्रावणकोरचे दिवाण होऊन गेलेले. मद्रासेस पॉवेल या नामांकित शिक्षकाच्या हाताखाली त्यांनी गणित आणि भौतिकशास्त्र यांचे अध्ययन केले. काही काळ मद्रासच्या हिशेब खात्यात नोकरी केल्यावर १८४९ साली ते त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून रुजू झाले. तेथून महसूल खात्यात आणि पुढे दक्षिण विभागाचे दिवाण पेशकार या हुद्द्यावर ते चढले. १८५८ साली दिवाणपद त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांचे वय अवघे तीस वर्षांचे होते.

ज्या राज्याचा कारभार त्यांनी हाती घेतला, त्याची अवस्था बिकट होती. तिजोरी रिकामी, राज्यावर कर्ज, नोकरांचे पगार थकलेले. त्याहून मोठे भय बाहेरचे होते. अव्यवस्थित कारभाराबद्दल त्रावणकोरला कंपनी सरकारकडून कडक ताकीद मिळाली होती. ती पोकळ धमकी नव्हती. १८५५ साली तंजावरचे शिवाजीराजे निपुत्रिक वारले आणि ती गादी कंपनीने बुडविली. १८५६ साली गैरकारभाराचे निमित्त करून अयोध्या खालसा झाली. कुंभकोणमच्या माणसाला हे दूरचे वर्तमान नव्हते. त्याच्या घरापासून पंचवीस मैलांवरचे राज्य डोळ्यांदेखत नाहीसे झाले होते.

त्यातच दक्षिण त्रावणकोरात वणवा पेटला. नागरकोइल आणि त्याच्या आसपासच्या मुलखात शाणार समाजाची मोठी वस्ती आहे. हाच समाज पुढे नाडार या नावाने ओळखला जाऊ लागला. ताडाच्या झाडावर चढून रस काढावा, त्याचा गूळ करावा, हा त्यांतील बहुसंख्यांचा धंदा. या समाजाच्या स्त्रियांनी उच्चवर्णीय स्त्रियांप्रमाणे अंगावर वरचे वस्त्र घेऊ नये, असा तेथील जुना दंडक होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून या समाजातील पुष्कळ लोकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या स्त्रियांना चोळीवजा झगा घालण्याची मुभा मिळाली, मात्र वरच्या वस्त्राची बंदी १८२९ च्या जाहीरनाम्याने कायम ठेवली. शाळा निघाल्या, काहींच्या हाती थोडा पैसा आला, वेठबिगारीला नकार मिळू लागला. १८५५ साली त्रावणकोरात गुलामगिरी बंद झाली. ज्यांच्या शेतांवर आणि अंगणांत हे लोक पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबत, त्यांना ही सारी आपल्या हक्कांची लूट वाटू लागली. वस्त्र हे निमित्त होते. खरा तंटा कोणी कोणासाठी राबावयाचे आणि कोणी कोणापुढे वाकावयाचे याचा होता. १८५८ च्या अखेरीस राणीचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला. धर्मात आणि चालीरीतींत सरकार हात घालणार नाही, असे त्यात म्हटले होते. जुनी वहिवाट बळाने राखण्यास ही परवानगीच आहे, असा त्याचा अर्थ कित्येकांनी लावला. भर बाजारात स्त्रियांची वस्त्रे ओढली गेली, घरे आणि प्रार्थनामंदिरे जाळली गेली, मारामाऱ्या झाल्या.

नव्या दिवाणाने प्रथम जे केले ते कोणत्याही राज्यकर्त्याने केले असते. डिसेंबर १८५८ मध्ये त्यांनी जाहीरनामा काढला आणि वहिवाट मोडणारे व कायदा हाती घेणारे अशा दोन्ही पक्षांना ताकीद दिली. त्याने दंगल थांबली नाही. मद्रासचे गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांनी या प्रकाराबद्दल कडक शब्दांत लिहिले, आणि २६ जुलै १८५९ रोजी राजाच्या नावाने दुसरा जाहीरनामा निघाला. शाणार स्त्रियांनी, मग त्या कोणत्याही धर्माच्या असोत, झगा घालावा किंवा कोळिणींप्रमाणे जाडेभरडे वस्त्र अंगाभोवती गुंडाळावे, त्याला हरकत राहिली नाही. मात्र उच्चवर्णीय स्त्रियांसारखा पेहराव त्यांनी करू नये, ही अट कायम राहिली. म्हणजे अंग झाकण्याचा हक्क मिळाला, बरोबरीचा मिळाला नाही. ही अर्धी देणगी होती आणि तिचे अर्धेपण पुढच्या इतिहासात अनेकवार प्रकट झाले.

तथापि माधवरावांची खरी थोरवी या जाहीरनाम्यात शोधू नये. ती त्यानंतरच्या तेरा वर्षांच्या कारभारात आहे. दंगलीला शिपाई पाठविणे सोपे असते, पण शिपाई परत आल्यावर त्या गावात काय उरते, हे पाहणे कठीण. त्यांनी राज्याच्या पैशाकडे याच दृष्टीने पाहिले असे दिसते. १८६० साली मिरीचा सरकारी मक्ता रद्द झाला. तोवर शेतकऱ्याने पिकविलेली मिरी सरकारलाच, सरकार ठरवील त्या भावाने विकावी लागे. आता ती कोणालाही विकण्याची मोकळीक मिळाली आणि सरकार केवळ निर्यातीवर जकात घेऊ लागले. पुढे काही वर्षांतच तंबाखूचा मक्ताही गेला. मक्त्याच्या जागी आयातकर आला. मक्ता आला की चोरटा व्यापार येतो, चोरट्या व्यापारामागून झडत्या येतात, आणि झडतीच्या निमित्ताने शिरलेला शिपाई गावकऱ्याच्या घरातून रिकाम्या हाताने क्वचितच परततो. मक्ता उठला, तेव्हा त्याबरोबर दैनंदिन जुलमाची एक साखळीही तुटली. सामान्य माणसाला टोचणाऱ्या अनेक किरकोळ पट्ट्या रद्द झाल्या. १८६५ साली ब्रिटिश हिंदुस्थान आणि कोचीन यांच्याशी व्यापारी करार होऊन सरहद्दीवरील जकातींचा जाच संपला.

उत्पन्नाचे हमखास वाटणारे झरे असे स्वतः होऊन बुजविणारा दिवाण तिजोरीचे काय करणार, अशी शंका त्या वेळी पुष्कळांना आली असेल. उत्तर आकड्यांनी दिले. १८६३ च्या सुमारास राज्याचे सारे कर्ज फिटले. व्यापार वाढला, आणि कमी दराच्या करातून भरघोस वसूल येऊ लागला. इंग्लंडातील अर्थशास्त्रज्ञ आणि पार्लमेंटचे सभासद हेन्री फॉसेट यांनी माधवरावांना हिंदुस्थानचे टर्गो असे म्हटले. ही उपमा वरवरची नाही. फ्रान्सचा अर्थमंत्री टर्गो याने १७७४ ते १७७६ या दोन वर्षांत धान्याच्या व्यापारावरील बंधने उठविण्याचा आणि शेतकऱ्यांची वेठ बंद करण्याचा प्रयत्न केला. दरबारी मंडळींनी त्याला घालविले, त्याच्या सुधारणा मोडून टाकल्या, आणि तेरा वर्षांनी फ्रान्समध्ये क्रांती भडकली. त्रावणकोरच्या टर्गोला मात्र त्याचे काम करू देणारे राजे भेटले. १८६० साली गादीवर आलेले आयिल्यम तिरुनाळ महाराज हे तर त्यांचेच शिष्य.

या सर्वांत महत्त्वाचे पाऊल जमिनीचे. त्रावणकोरातील फार मोठे क्षेत्र सरकारच्या मालकीचे होते आणि कसणारे लोक केवळ सरकारचे कुळ म्हणून ते कसत. १८६५ साली पट्टम जाहीरनामा निघाला. त्याने सरकारी जमिनीच्या कुळांना पूर्ण मालकी दिली. सारा भरावा आणि जमीन वारसांना द्यावी, गहाण टाकावी, विकावी, सरकारने आड यावयाचे नाही. १८६७ साली दुसऱ्या जाहीरनाम्याने जन्मी म्हणविणाऱ्या खाजगी जमीनदारांच्या कुळांनाही संरक्षण मिळाले. ठरलेले देणे देत राहील त्या कुळाला जन्म्याने जमिनीवरून हुसकावू नये, असे ठरले. या दोन कागदांनी असंख्य माणसांना प्रथमच गमावण्याजोगे काही तरी मिळाले. शांततेच्या दृष्टीने ही साधी गोष्ट नव्हे. ज्याच्यापाशी उद्याची शाश्वती नाही, त्याला आजच्या दंगलीत भिण्यासारखे थोडे असते. ज्याने बांधावर नारळ लावला आहे, त्याला सात-आठ वर्षांची शांतता हवी असते, कारण तितक्या वर्षांनी तो नारळ धरतो.

उरलेला पैसा रस्ते, कालवे, शाळा, न्यायालये आणि इस्पितळे यांवर खर्च होऊ लागला. सार्वजनिक बांधकामाचे स्वतंत्र खाते उभे राहिले आणि विल्यम बार्टन हा इंजिनियर त्याचा प्रमुख झाला. त्याच्याच आराखड्याप्रमाणे तिरुअनंतपुरमची सरकारी कचेरीची भव्य इमारत १८६९ साली पुरी झाली. उत्तरेकडील खाड्या राजधानीशी जोडण्यासाठी वर्कला येथील डोंगर फोडण्याचे काम याच काळात सुरू झाले आणि त्यांच्यानंतर, १८८० च्या सुमारास तडीस गेले. प्रत्येक योजना सफल झाली असे मात्र नव्हे. राजधानीपासून कन्याकुमारीपर्यंत समुद्रालगत जाणारा अनंत व्हिक्टोरिया मार्तंडन कालवा १८६० साली मोठ्या समारंभाने खणावयास घेतला. दंगलीने होरपळलेल्या मुलखातूनच तो जावयाचा होता. तो कधीच पुरा झाला नाही. तुकड्यातुकड्यांनी खणलेला तो कालवा पाहिला म्हणजे, शांततेसाठी केलेल्या गुंतवणुकीतही बुडीत खाते असते, हे ध्यानात येते.

आणखी एक गोष्ट या दिवाणाने केली. राज्यकारभाराचा सविस्तर अहवाल प्रतिवर्षी तयार करून तो प्रसिद्ध करण्याचा प्रघात त्यांनी पाडला. किती शाळा निघाल्या, किती दावे निकालात निघाले, रस्त्यांवर किती रक्कम खर्ची पडली, याचा जाहीर हिशेब हिंदी संस्थानात त्या काळी दुर्मिळ होता. परिणाम मोजल्याखेरीज गुंतवणुकीला अर्थ नाही, असे आजचे जाणकार सांगतात. ही जाण हिशेब खात्यात उमेदवारी केलेल्या या माणसाला उपजतच होती. त्रावणकोर खालसा झाले नाही. उलट आदर्श संस्थान म्हणून त्याचे नाव घेतले जाऊ लागले. १८६६ साली माधवरावांना सर ही पदवी मिळाली. १८७२ साली ते त्रावणकोरातून निवृत्त झाले.

निवृत्ती नावापुरतीच ठरली. इंदुरास तुकोजीराव होळकरांच्या दिवाणगिरीत दोन वर्षे काढल्यावर त्यांना बडोद्याचे बोलावणे आले. बडोद्याची स्थिती त्रावणकोरहून निराळी होती. तेथे जातीजातींचा तंटा नव्हता, रयत आणि दरबार यांच्यातला होता. जमीनसाऱ्याची वसुली इजाऱ्याने दिलेली, साऱ्याचे दर जबर, सैनिकांचे आणि नोकरांचे पगार थकलेले, सावकार-जवाहिऱ्यांचे दावे तुंबलेले. रेसिडेंट फेअर यांच्यावर विषप्रयोग केल्याचा आरोप येऊन एप्रिल १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले. चौकशी मंडळात हिंदी आणि इंग्रज सभासदांत दुफळी होऊन आरोप निःसंशय सिद्ध झाला नाही, तरी गादी गेली. त्यामुळे शहरात कमालीची अस्वस्थता होती. मे महिन्यात माधवराव आले आणि त्याच महिन्यात नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या बारा वर्षांच्या मुलाला दत्तक घेऊन सयाजीराव या नावाने गादीवर बसविण्यात आले.

त्रावणकोरात जो क्रम होता तोच येथे दिसतो. प्रथम थकलेली देणी फेडणे, मग साऱ्याचे ओझे उतरविणे, मग न्यायालये, पोलीस, शाळा, इस्पितळे, आणि शेवटी शोभेच्या इमारती. तलवारीने जरब बसविण्याच्या आधी पगार वाटावा, हे तत्त्व त्यांनी पाळले, कारण थकलेल्या पगाराचा शिपाई हाच अशांत राज्यातला सर्वांत धोक्याचा माणूस. डिसेंबर १८८१ मध्ये सयाजीरावांना राज्याधिकार मिळाले, तेव्हा त्यांच्या हाती स्थिरावलेले राज्य आले. तरुण महाराजांसाठी माधवरावांनी राज्यकारभारावर व्याख्याने दिली, ती पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. पुढच्या वर्षी ते बडोदे सोडून गेले. सयाजीरावांनी पुढे सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले, १९०८ साली बडोदा बँक स्थापन केली. त्या इमारतीचा पाया ज्या सात वर्षांत भरला गेला, ती ही वर्षे होत. कुंभकोणमच्या नागरिकांनीही १९०४ साली आपल्या गावात कुंभकोणम बँक काढली होती. स्थानिक ठेवींतून स्थानिक व्यवहारांना भांडवल पुरविणाऱ्या या संस्थेची आज सिटी युनियन बँक झाली आहे.

येथे हकीकत संपविली, तर ती एका थोर कारभाऱ्याची गौरवगाथा होईल. पण इतिहासाचा हिशेब जमेच्या बाजूवर थांबत नाही. त्रावणकोरात समृद्धी वाढली, तरी तिच्यात कोणाकोणाचा वाटा पडला? मालकी मिळाली ती मुख्यतः ज्यांच्या नावावर आधीच कुळवहिवाट होती त्यांना. ज्यांच्या नावावर काहीच नव्हते, त्या पुलय आणि परय समाजांच्या हाती त्या कागदाने काही पडले नाही. शाळा निघाल्या, पण त्यांतील बहुतेकांची दारे अस्पृश्य मानलेल्या मुलांना बंद होती. एळव समाज मोठा, कष्टाळू आणि सारा भरणारा, पण त्यातील सुशिक्षितांना सरकारी नोकरीत प्रवेश नसे. डॉक्टर पल्पू हे वैद्यकीय पदवी मिळवूनही त्रावणकोरात नोकरी मिळवू शकले नाहीत. त्यांना म्हैसूर संस्थानाने घेतले. आणि मोठ्या जागा कोणाकडे होत्या? बऱ्याच अंशी बाहेरून आलेल्या तमिळ आणि तंजावरी मराठी ब्राह्मणांकडे. जानेवारी १८९१ मध्ये दहा हजारांहून अधिक सह्यांचा एक अर्ज महाराजांकडे सादर झाला. तो मलयाळी मेमोरियल या नावाने प्रसिद्ध आहे. आपल्याच राज्यात आपणांस परके करून ठेवले आहे, असे त्यात नायर, सिरियन ख्रिस्ती आणि एळव अशा निरनिराळ्या समाजांतील लोकांनी म्हटले होते. त्यानंतर तीन महिन्यांनी, ४ एप्रिल १८९१ रोजी, माधवराव मद्रासेस वारले. १८९६ साली एळवांनी स्वतःचा वेगळा अर्ज केला.

या तक्रारींना कंगाली कारण नव्हती. उलट, त्या मक्ते उठल्यानंतर, शाळा निघाल्यानंतर, हाती चार पैसे आल्यानंतर उमटल्या. यावरून कोणी म्हणेल की पैसा गुंतविल्याने अशांतता वाढली. तसे नाही. गुंतवणुकीने माणसाला ताठ उभे केले, आणि ताठ उभ्या माणसाला बसावयास जागा दिली गेली नव्हती. वैकोमच्या देवळाभोवतालच्या रस्त्यांचे उदाहरण घ्यावे. ते सार्वजनिक रस्ते होते, पण सार्वजनिक म्हणविणाऱ्या त्या रस्त्यांवरून काही माणसांना चालता येत नव्हते. १९२४-२५ मध्ये तेथे सत्याग्रह झाला तो त्यासाठी. रस्ता हे भांडवल खरे, पण ज्याला त्यावर पाऊल टाकता येत नाही त्याच्या दृष्टीने ती भिंतच. १९३६ साली मंदिरप्रवेशाचा जाहीरनामा निघाला, तेव्हा १८५९ च्या अर्ध्या देणगीतील राहिलेला हप्ता निदान काही अंशी फिटला.

आता दुसऱ्या माधवरावांकडे वळले पाहिजे. व्ही. पी. माधवराव यांचा जन्मही कुंभकोणमचाच, १८५० सालचा. त्यांचे शिक्षण तेथील सरकारी कॉलेजात झाले. म्हैसूरच्या सेवेत मोठा लौकिक मिळवून ते १९०४ साली त्रावणकोरचे दिवाण झाले. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात तिरुअनंतपुरमला श्रीमूलम प्रजासभेचे पहिले अधिवेशन भरले. कायदे करण्याचा अधिकार या सभेला नव्हता. मोठा सारा भरणारे जमीनदार आणि व्यापारी यांचाच तिच्यात भरणा होता. तरी वर्षातून एकदा राज्यातील लोकांनी दिवाणासमोर उभे राहून आपली गाऱ्हाणी आणि गरजा सांगाव्या आणि दिवाणाने त्यांना उत्तर द्यावे, ही गोष्ट त्या काळच्या संस्थानी राज्यात लहान नव्हती. पहिल्या माधवरावांच्या कारभारात हिशेब जाहीर होत असे. दुसऱ्यांच्या कारभारात तो ऐकणाऱ्यांना प्रश्न विचारण्याची सोय झाली. सारा भरून सभेत बसण्यास पात्र ठरणाऱ्या या खातेदार वर्गाच्या घडणीत १८६५ च्या जाहीरनाम्याचा वाटा होता, हेही ध्यानात घेतले पाहिजे. मालकीतून आवाज निघतो, पण त्याला वाट करून द्यावी लागते.

काही वर्षांनी या सभेचे दार आणखी थोडे किलकिले झाले. १९११-१२ च्या सुमारास पुलय समाजाचे पुढारी अय्यंकाळी यांची सभासद म्हणून नेमणूक झाली. शाळेचा उंबरा ज्यांना ओलांडू दिला गेला नव्हता, असे हे गृहस्थ. त्यांनी सभेत मागितले काय? आपल्या लोकांना कसावयास पडीक जमीन आणि मुलांना शाळेत प्रवेश. दान मागितले नाही, सूडही मागितला नाही. पहिल्या माधवरावांनी ज्या दोन गोष्टींत राज्याचा पैसा घातला होता त्याच दोन गोष्टी, जमीन आणि शाळा, ज्यांच्यापर्यंत त्या पोचल्या नव्हत्या त्यांच्यासाठी, अय्यंकाळींनी मागितल्या.

अशांत मुलखात भांडवल नेणाऱ्या आजच्या धुरिणांनी त्रावणकोरची ही कथा नजरेआड करू नये. तंटा जेथे आहे तेथे कारखाना किंवा रस्ता नेला म्हणजे तंटा मिटतो, ही समजूत भोळी आहे. कोणत्या बाजूच्या हाती त्या रस्त्याने अधिक बळ येते, याचा आधी विचार न केल्यास तोच रस्ता नव्या भांडणाचे मूळ होतो. मक्ता उठविला, देणी फेडली, कसणाऱ्याला जमिनीची शाश्वती दिली आणि हिशेब उघडा ठेवला, तर भांडवलातून शांतता उगवते, एवढे पहिल्या माधवरावांच्या तेरा वर्षांनी दाखविले. आणि त्या हिशेबात ज्यांचे नावच लिहिलेले नाही त्यांना बोलण्याची जागा मिळेपर्यंत ती शांतता पुरी होत नाही, हे पुढच्या साठ-पासष्ट वर्षांनी दाखविले. तिरुअनंतपुरमला सरकारी कचेरीच्या समोर आजही माधवरावांचा पुतळा उभा आहे. त्या चौकाला लोक नुसते स्टॅच्यू म्हणतात. आपली गाऱ्हाणी घेऊन येणाऱ्यांचे मोर्चे आणि धरणी त्याच कचेरीच्या दारात होत असतात. कुंभकोणमच्या त्या हिशेबनीस दिवाणाला हे दृश्य कदाचित गोंगाटाचे वाटले असते. पण ज्या राज्यात तक्रार घर जाळून नव्हे, तर कचेरीच्या दारात उभे राहून सांगितली जाते, ते राज्य घडविण्यासाठीच त्यांनी तिजोरीची दारे उघडली होती.